मुलं वाढवणं आणि घरची परिस्थिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांना सल्ला सगळीकडे सारखाच मिळतो. मुलाशी रोज निवांत बोला, आवाज चढवू नका, नियमामागचं कारण समजावून सांगा. घरात खोल्या किती, आई-वडील कामावरून किती वाजता परततात, महिनाअखेरीला हातात काय उरतं, हे मात्र सल्ला देणारा सहसा विचारत नाही. खालच्या उत्तरांचा रोख त्या न विचारलेल्या गोष्टींकडे आहे. यातलं बरंच संशोधन अमेरिकेतलं आहे. प्रत्येक अभ्यास कुठला ते जागोजागी सांगितलं आहे, म्हणजे तो आपल्या घराला किती लागू करायचा ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

पालकत्वाच्या चार शैली म्हणतात त्या कोणत्या?

ही मांडणी मुळात डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंची. १९६० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे बालवाडीतली मुलं आणि त्यांचे पालक यांचं निरीक्षण केलं आणि १९६६ मध्ये तीन प्रकार सांगितले. पहिल्यात आई-बाप म्हणतील ती पूर्व दिशा, कारण विचारायचं नाही. दुसऱ्यात नियम पक्के, पण ते का आहेत हे सांगितलं जातं आणि मुलाचं म्हणणंही ऐकून घेतलं जातं. तिसऱ्यात माया भरपूर आणि अटकाव जवळजवळ नाहीच. पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी याच मांडणीला दोन मापं लावली: पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात, आणि मुलाच्या गरजेला किती दाद देतात. दोन्ही कमी असली की चौथा प्रकार निघतो, दुर्लक्षाचा.

सोयीसाठी यांना धाकाची, ठाम पण ऐकून घेणारी, लाडाची आणि दुर्लक्षाची शैली म्हणू. यांतली दुसरी मुलांना सगळ्यांत मानवते, असं पुष्कळ अभ्यासांत दिसतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: बॉमरिंड यांनी पाहिलेली कुटुंबं बहुतेक गोरी, शिकलेली, मध्यमवर्गीय होती. ज्यांच्या मापाने अंगरखा शिवला त्यांनाच तो नीट बसला, यात नवल नाही.

एका पालकाची एकच शैली असते का?

नाही. तीच आई रविवारी सकाळी शांतपणे समजावते आणि बुधवारी रात्री खेकसते. थोरल्याला जो धाक होता तो धाकट्याला नसतो. शैली म्हणजे बऱ्याच दिवसांची सरासरी. माणसाच्या कपाळावर तिचा शिक्का मारता येत नाही.

सामाजिक वर्ग म्हणजे उत्पन्नच ना?

उत्पन्न हा त्याचा एक भाग. शिक्षण, कामाचं स्वरूप, गाठीला असलेली बचत, ओळखीपाळखी हे सगळं त्यात येतं. दोन घरांत महिन्याला सारखेच पैसे येत असले, तरी एका घरात नोकरी कायम असेल आणि दुसऱ्यात काम रोज शोधावं लागत असेल, तर मुलं वाढवण्याची रीत वेगळी होते. पहिल्या घराला पुढच्या वर्षीचा विचार करता येतो, दुसऱ्याला पुढच्या आठवड्याचा.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी यात आणखी एका गोष्टीची भर घातली. त्यांनी तिला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. बोलण्याची ढब, पुस्तकांशी असलेली सलगी, कार्यालयात किंवा शाळेत कुणाशी कसं बोलायचं याची जाण, हे सगळं वारशाने मिळतं आणि पैशासारखंच कामी येतं. शाळेला मात्र ते मुलाची हुशारी वाटतं. मला या विषयातली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण वारसा दिसला तर त्याबद्दल बोलता येतं. हुशारी म्हटली की बोलणंच संपतं.

कष्टकरी घरांत आज्ञा पाळण्यावर जास्त भर असतो, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्याचं कारण लोक चुकीचं सांगतात. ‘शिक्षण कमी, म्हणून समज कमी’ हे ते कारण.

मेल्विन कोन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने वॉशिंग्टनमधल्या आणि नंतर इटलीतल्या तुरीन शहरातल्या पालकांना विचारलं की मुलात कोणते गुण यावेत असं तुम्हाला वाटतं. मध्यमवर्गीय पालकांनी स्वतः विचार करणं, जिज्ञासा, मनावर ताबा यांना वजन दिलं. कामगार पालकांनी आज्ञाधारकपणा, नीटनेटकेपणा यांना. १९६९ मध्ये कोन यांनी याचा जो उलगडा मांडला तो पालकांच्या कामाशी बांधलेला होता. ज्या माणसाच्या कामावर कुणी सतत नजर ठेवतं, ज्याला रोज तेच ते करावं लागतं आणि ज्याची नियम मोडला की नोकरी जाते, त्याला अनुभवाने कळलेलं असतं की इथे टिकायचं तर सांगितलेलं ऐकावं लागतं. ज्याला कामात स्वतः निर्णय घ्यावे लागतात, त्याला कळलेलं असतं की डोकं चालवलं तर पुढे जाता येतं. आपल्याला जग जसं भेटलं तसंच ते मुलांनाही भेटेल असं धरून दोघंही मुलांना तयार करतात. दोघंही शहाणेच आहेत.

खोच इतकीच की मुलाच्या वाट्याला येणारं जग आई-बापांच्या जगापेक्षा वेगळं निघू शकतं.

‘आखीव जोपासना’ आणि ‘मोकळी वाढ’ यांत फरक काय?

या दोन कल्पना अ‍ॅनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या. १९९० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या ८८ मुलांच्या कुटुंबांशी बोलून घेतलं. त्यांतल्या १२ कुटुंबांच्या घरी जाऊन ते बसले. एकेका घरी साधारण वीस फेऱ्या. जेवताना, गाडीत, मैदानावर, डॉक्टरकडे, जिथे कुटुंब जाईल तिथे संशोधक सोबत. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर या विषयावर त्याचं नाव न घेता लिहिणं अवघड झालं आहे.

मध्यमवर्गीय घरांत मूल हा एक प्रकल्प असतो, असं त्यांना दिसलं. खेळाचा सराव, संगीत, नाटक, सामने, आणि सगळ्या घराचं वेळापत्रक त्याभोवती फिरणारं. मुलाशी वाद घातला जातो, त्याचं मत विचारलं जातं, ‘तुला काय वाटतं?’ हा तर रोजचाच प्रश्न. शिक्षकाचं काही पटलं नाही तर आई शाळेत जाऊन बोलते. ही आखीव जोपासना. कष्टकरी आणि गरीब घरांत पालक असं मानतात की खायला-प्यायला, सुरक्षित घर, माया आणि शिस्त दिली की मूल वाढतं. बाकीचा वेळ मुलाचा. ते भावंडांबरोबर, चुलत-मावस भावंडांबरोबर, शेजारच्या पोरांबरोबर उनाडतं. मोठी माणसं थोडक्यात सांगतात आणि मूल ऐकतं. ही मोकळी वाढ.

एक गोष्ट नेहमी वगळली जाते, म्हणून थोडं थांबून सांगतो. लारो यांनी मोकळ्या वाढीची बाजूही तितक्याच आस्थेने लिहिली आहे. त्या घरांतली मुलं कमी कुरकुरत. ‘कंटाळा आला’ ही तक्रार तिथे फारशी ऐकू येत नसे, खेळ मुलं स्वतः शोधत. भावंडांचं एकमेकांशी जमत असे आणि नातेवाइकांशी घट्ट संबंध असत. आखीव जोपासनेतली मुलं दमलेली असत, भावंडांत स्पर्धा असे, आणि आई-वडिलांचा शनिवार-रविवार गाडी चालवण्यात जाई. मुलाला बालपण कुठे जास्त मिळतं असं विचारलं तर उत्तर सरळ नाही.

वंशाचा प्रश्नही लारो यांनी डोळ्यांआड केला नाही. काळी कुटुंबं भेदभावाला तोंड देत होतीच. पण रोजच्या दिनक्रमात काळ्या मध्यमवर्गीय घराचं साम्य गोऱ्या मध्यमवर्गीय घराशी जास्त होतं आणि काळ्या गरीब घराशी कमी.

मग मध्यमवर्गीय मुलं पुढे कशी जातात? छंदवर्गांमुळे?

मला नाही तसं वाटत. पियानो शिकलेल्या मुलाला नोकरी पियानोमुळे मिळत नाही. फरक पडतो तो संस्थांशी वागताना.

लारो यांच्या अभ्यासातला एक प्रसंग याबाबत बोलका आहे. एक मध्यमवर्गीय आई मुलाला डॉक्टरकडे नेताना वाटेत सांगते की तुला काही विचारायचं असेल तर आताच ठरवून ठेव, डॉक्टरांना काहीही विचारता येतं. मुलगा आत जाऊन खरंच विचारतो, डॉक्टरांचं बोलणं मध्येच थांबवतो, आणि डॉक्टर त्याला उत्तर देतात. दहा वर्षांच्या त्या मुलाला त्या दिवशी कळतं की पदावरची माणसं आपलं ऐकतात. गरीब घरातलं मूल आईबरोबर जातं तेव्हा आईच दबलेली असते, डॉक्टर विचारतील तेवढंच सांगते. ते मूलही काहीतरी शिकतंच: इथे गप्प बसायचं असतं.

जेसिका कॅलार्को यांनी हेच एका अमेरिकी प्राथमिक शाळेच्या वर्गात बसून पाहिलं. त्यांचं पुस्तक २०१८ चं. गणित अडलं की मध्यमवर्गीय मूल हात वर करतं, हाक मारतं, उठून बाईंजवळ जातं. कष्टकरी घरातलं मूल स्वतः झगडत बसतं, कारण घरी शिकवलेलं असतं की बाईंना त्रास देऊ नये, आपलं आपण करावं. दोन्ही शिकवणी चांगल्या हेतूच्या. पण बाईंचा वेळ पहिल्याला मिळतो. त्याहून वाईट म्हणजे, मदत मागण्याची अपेक्षा आहे हे बाई मुलांना स्पष्ट सांगतच नाहीत; ज्याला आधीच ठाऊक आहे तो मागतो.

गरीब घरातली मुलं तीन कोटी शब्द कमी ऐकतात, असं वाचलं. खरं का?

हा आकडा १९९५ चा. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ४२ कुटुंबांत दर महिन्याला एक तास ध्वनिमुद्रण केलं, साधारण अडीच वर्षं. मोठ्या हुद्द्याच्या व्यावसायिकांच्या घरात मूल तासाला सरासरी २,१५३ शब्द ऐकत होतं, कामगारांच्या घरात १,२५१, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरात ६१६. ही सरासरी चार वर्षांच्या वयापर्यंत ताणली की तीन कोटींचा फरक निघतो.

आता खाचाखोचा. मदतीवर जगणारी कुटुंबं फक्त सहा होती. अनोळखी, शिकलेला माणूस यंत्र घेऊन कोपऱ्यात बसला की कोणत्या घरातली बोलणी आटतात आणि कुठली वाढतात, हे वेगळं सांगायला नको. डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी नंतर पाच वेगवेगळ्या वस्त्यांमधली घरं पाहिली, मुलाच्या आसपास घरातली सगळी माणसं जे बोलतात तेही मोजलं, आणि वर्गावर आधारलेला तो मोठा फरक त्यांना तसा दिसला नाही. एकाच वर्गातल्या घराघरांत मात्र खूप फरक दिसला. यावरही आक्षेप आले: आजूबाजूला चाललेलं बोलणं आणि थेट मुलाशी केलेलं बोलणं यांचा भाषेवर सारखा परिणाम होत नाही, हा त्यांतला मुख्य.

मला उपयोगी वाटतो तो २०१८ चा, रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. चार ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये त्यांनी शब्दांबरोबर बोलण्याच्या फेऱ्याही मोजल्या: मोठा बोलला, मूल बोललं, पुन्हा मोठा. मेंदूतल्या भाषेच्या भागाची हालचाल या फेऱ्यांशी जुळत होती, आणि हे नातं घरच्या उत्पन्नाचा व शिक्षणाचा हिशोब धरूनही टिकलं. तेव्हा शब्दांचे आकडे पाहून धास्तावू नका. मुलाने काही म्हटलं की त्याला उत्तर द्या, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा.

मार्शमॅलोच्या प्रयोगाने सिद्ध झालं ना, की ज्याला धीर धरता येतो तो यशस्वी होतो?

वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हे प्रयोग केले. समोरचा मार्शमॅलोसारखा (मऊ, फुगीर गोळीसारखा) गोड पदार्थ लगेच खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात चांगली निघाली, असं दिसलं. पण ती मुलं विद्यापीठाच्या परिसरातल्या बालवाडीतली होती.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतली बरीच मुलं अशी होती की त्यांच्या आईचं महाविद्यालयीन शिक्षण झालेलं नव्हतं. थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध मुळातच निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक तयारी हे हिशोबात धरल्यावर आणखी पुष्कळ कमी झाला.

त्याआधी, २०१३ मध्ये, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली होती. प्रयोगाआधी काही मुलांना चांगले रंग आणून देतो असं सांगून खरंच आणून दिले. काहींना सांगितलं आणि नंतर ‘माफ कर, नाहीयेत’ म्हटलं. मग गोड पदार्थ समोर ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, शब्द मोडलेला पाहिलेली तीन मिनिटं. ज्या घरात ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ हे वचन पैशाअभावी वारंवार मोडतं, तिथल्या मुलाने हातात आहे ते आत्ता खाल्लं तर त्याचा हिशोब बरोबर आहे. त्याला संयमाचे धडे देण्यात काय अर्थ!

गरिबीमुळे पालक चिडचिडे होतात, की मुळात तशी माणसं गरीब राहतात?

या प्रश्नाचं उत्तर सहसा मिळत नाही, कारण लोकांना मुद्दाम गरीब किंवा श्रीमंत करून पाहता येत नाही. एकदा मात्र नशिबाने तशी संधी मिळाली.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९३ पासून जेन कॉस्टेलो आणि सहकारी १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करत होते. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश मुलं मूलनिवासी होती. १९९६ मध्ये पूर्वेकडच्या चेरोकी जमातीच्या भूमीवर जुगारगृह सुरू झालं आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला नियमित मिळू लागला. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी लायकी सिद्ध केली नव्हती. माणसं तीच, पैसे नवे.

ज्या कुटुंबांची गरिबी या पैशाने संपली, त्यांच्या मुलांतलं भांडखोर, उद्धट, नियम मोडणारं वागणं कमी होत होत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आलं. ज्यांची गरिबी संपली नाही त्यांच्यात तसं झालं नाही. हे कशामुळे घडलं ते संशोधकांनी शोधलं तेव्हा एक धागा ठळक दिसला: आई-वडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला आता सवड होती. पालकत्वाची शिबिरं कुणी घेतली नव्हती. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की चिंता आणि नैराश्य यांच्या लक्षणांवर तितका परिणाम दिसला नाही.

पैसा हातातून गेला की काय होतं, याचाही पुरावा आहे. ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या महामंदीत वाढलेल्या अमेरिकी मुलांचा अभ्यास १९७४ मध्ये मांडला. कमाई बुडाली की वडील चिडखोर होत, शिक्षा लहरीवर होई, आणि त्याची झळ मुलांना लागे. १९८० च्या दशकात शेती संकटात सापडली तेव्हा रँड काँगर यांना आयोवातल्या कुटुंबांत तीच साखळी दिसली: पैशाची ओढाताण, आई-वडिलांची उदासी, आपसांतली भांडणं, मुलांशी कठोर वागणं.

आणि हे डोक्याच्या आत कसं चालतं? २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंथिल मुल्लयनाथन आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, पीक हाती येण्याआधीच्या टंचाईत आणि नंतर पैसा हाती असताना. तोच शेतकरी टंचाईच्या काळात कमी गुण मिळवत होता. पैशाची विवंचना मनाची जागा अडवते. मुलाचा सातवा ‘का?’ ऐकून शांत उत्तर द्यायला हीच जागा लागते.

धाक आणि मार यांबद्दल काय?

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

मारण्याबद्दल पुरावा बऱ्यापैकी एका बाजूला झुकलेला आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले, मुलांची संख्या दीड लाखाच्या वर. चापटी मारण्याशी चांगलं वागणं जोडलेलं आढळलं नाही. आक्रमकता, मानसिक त्रास, पालकांशी बिघडलेलं नातं यांच्याशी मात्र संबंध आढळला. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही कायद्याने बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे.

कडक शिस्तीचं तसं नाही. ती कुठे आणि कशासाठी आहे यावर बरंच अवलंबून आहे. बाहेर धोका असेल तर ‘अंधार पडायच्या आत घरी, कारण विचारू नकोस’ हा नियम मुलाचा जीव वाचवतो. स्वतः बॉमरिंड यांना १९७२ मध्ये काळ्या कुटुंबांच्या एका छोट्या गटात दिसलं की कडक घरांतल्या मुली दबलेल्या नव्हत्या, उलट ठाम आणि स्वतंत्र होत्या. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी वंशाच्या आयांबद्दल लिहिलं की त्यांच्या कडकपणाला धाकाची शैली म्हणणं चुकीचं आहे, कारण त्यात मुलासाठी स्वतः झिजणं आणि घडवण्याची जबाबदारी असते. मुलालाही ती कडक माया म्हणूनच कळते.

श्रीमंत घरांतली मुलं तरी सुखी असतात ना?

सुनिया लुथर यांना १९९९ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सधन उपनगरांमधली किशोरवयीन मुलं शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा व्यसनांत आणि चिंतेत पुढे आढळली. त्यांनी कारणं दोन सांगितली: सतत अव्वल राहण्याचा दबाव, आणि आई-वडील जवळ नसणं. यावरून ‘पैशाने सुख मिळत नाही’ असा दिलासा कुणी काढू नये. सधन मूल घसरलं तर सावरायला वकील, डॉक्टर, दुसरी शाळा असते. गरीब मुलाला तीच चूक आयुष्यभर पुरते.

हल्लीचे पालक इतके मुलांच्या मागे का लागलेले असतात?

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे म्हणणारे खरंच बोलतात. अर्थतज्ज्ञ मथियास डोप्के आणि फाब्रिझियो झिलिबॉटी यांनी २०१९ मध्ये याचं उत्तर विषमतेत शोधलं. ज्या देशात शिकलेल्या-न शिकलेल्याच्या कमाईत मोठी दरी असते, तिथे पालक मुलांवर कष्टाचं महत्त्व बिंबवतात आणि मागे लागतात. अमेरिका आणि चीन ही त्यांची उदाहरणं. स्वीडनसारख्या देशात ती दरी लहान, म्हणून पालक निवांत, कल्पनाशक्ती आणि स्वातंत्र्य यांना महत्त्व देणारे. तिथे मूल सुतार झालं तरी पोट भरतं.

गॅरी आणि व्हॅलरी रेमी यांचं २०१० चं काम याला जोड देतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत पालकांचा मुलांवर जाणारा वेळ झपाट्याने वाढला, आणि महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या आयांमध्ये ही वाढ इतरांच्या दुपटीच्या आसपास होती. शेजारच्या कॅनडात तसं झालं नाही. रेमी दांपत्याच्या मते फरक प्रवेशाच्या चढाओढीत आहे; नावाजलेल्या महाविद्यालयांतल्या जागांसाठी तशी झुंबड कॅनडात नाही.

म्हणजे शेजारीण मुलीला चार वर्गांना घालते ते वेडेपणाने नव्हे. शर्यत आहे, म्हणून ती धावते. तिला ‘जरा निवांत हो’ म्हणणाऱ्याने शर्यतीबद्दलही काही म्हणावं.

गरीब पालकांना हे सगळं नकोच असतं का?

हवं असतं. पॅट्रिक इशिझुका यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक पालकांना वेगवेगळ्या वर्तनाचे प्रसंग वाचायला दिले. शिकलेले काय, कमी शिकलेले काय, दोन्ही गटांतल्या बहुसंख्य पालकांना मुलात वेळ, पैसा आणि बोलणं गुंतवणारे आई-बाप चांगले वाटले. आदर्श सगळ्यांचा एकच झाला आहे, तो पाळायची ऐपत वेगवेगळी आहे. त्यातून एक नवीनच दुःख जन्माला येतं: आपण कमी पडतो ही बोच, जी पूर्वीच्या मोकळ्या वाढीत नव्हती. आणि ती बोच बहुतेक घरांत आईच वागवते.

हे सगळं शेवटी आनुवंशिकच नाही का?

एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. सधन घरांत मुलांच्या बुद्ध्यंकातले फरक बरेचसे जनुकांशी जोडलेले दिसले. गरीब घरांत जवळजवळ सगळे परिस्थितीशी. युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांत मात्र असा नमुना नंतर दिसला नाही. एक शक्यता अशी मांडली जाते की जिथे आरोग्य आणि शिक्षण सगळ्यांना बरं मिळतं तिथे गरिबी मुलाला तितकी दाबत नाही.

आम्ही कष्टकरी घरातून वर आलो. आता आई-वडिलांची रीत आणि आमची रीत यांवरून घरात खटके उडतात. काय करावं?

आजी-आजोबांना वाटतं, नातू उलट बोलतो आणि तुम्ही कौतुक करता. तुम्हाला वाटतं, तो मत मांडायला शिकतोय. दोघांचं आपापल्या ठिकाणी बरोबर आहे. त्यांनी ज्या जगासाठी तुम्हाला तयार केलं त्यात उलट बोलणं महागात पडत असे.

माझा सल्ला असा की त्यांच्या रीतीतलं काय घ्यायचं ते ठरवा. लारो यांच्या मोकळ्या वाढीतल्या चांगल्या गोष्टी, म्हणजे रिकामा वेळ, भावंडांची सोबत, प्रत्येक गोष्टीवर वाटाघाट न करता एखादं काम मुकाट्याने करणं, या त्यांना सहज येतात आणि तुमच्या हातून निसटत चालल्या असतील. संस्थांशी बोलायचं कसं, हे तुम्ही शिकवा. आणि मुलांसमोर आई-वडिलांच्या पद्धतीला अडाणी म्हणू नका. मूल त्यावरून फक्त पद्धतीबद्दल मत बनवत नाही, माणसांबद्दलही बनवतं.

हाती पैसा कमी असताना पालक काय करू शकतात?

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली, वय ९ ते २४ महिने. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात असे, अशी दोन वर्षं. ती आईसमोर बाळाशी खेळे, आईला खेळायला लावी. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची होती. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं अशा मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त होती. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यात महागडं काही नव्हतं, पण फुकटही नव्हतं. कुणीतरी पगार घेऊन दर आठवड्याला त्या आईच्या दारात येत होतं. ‘बघा, गरीब आईलाही जमतं’ असं सांगताना हे वगळलं जातं.

स्वतःच्या घरात करता येण्यासारखं एक: शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा की अडलं तर विचारायचं, आणि कसं विचारायचं हे घरी दोन-तीनदा बोलून घ्या. दुसरं, वचन छोटं द्या, पण पाळा.

आणि शाळा?

शाळेच्या हातात पालकांपेक्षा जास्त आहे. पालकसभा अशा वेळी ठेवा की पाळीत काम करणाऱ्यालाही येता येईल; न आलेल्या पालकाला ‘आस्था नाही’ असं समजू नका. मदत मागितली तर मिळते, गुण पुन्हा तपासून घेता येतात, तुकडी बदलण्यासाठी अर्ज करता येतो, शिष्यवृत्तीची मुदत अमुक तारखेला संपते, हे सगळ्या घरांना साध्या भाषेत लिहून कळवा. आणि वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाच्या बाकाजवळ स्वतःहून जा.